पंख्यातला होकार

"साहेब, मेलेला माणूस पंख्यातून 'हं' म्हणू शकतो का?"

वीज कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीत तोंड घालून टकळीने हा प्रश्न खणखणीत आवाजात विचारला, आणि रांगेतल्या नऊच्या नऊ माणसांनी मोबाइलमधून माना वर काढल्या. मागे खांबाआड तिच्या दोन मैत्रिणी एकमेकींच्या दप्तरात तोंड खुपसून हसत होत्या. पैज त्यांचीच. "तू काय बाई, वक्तृत्वात पहिली! मग विचारून दाखव साहेबांना, सगळ्यांदेखत," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि हल्ली टकळीला कोणी 'दाखव' म्हटलं की ती दाखवायचीच. गेल्या वर्षीपर्यंत हिलाच वर्गात 'म्यूट' म्हणत. मग बाईंनी बळजबरीने व्यासपीठावर ढकललं, तोंड उघडलं, आणि ते आजतागायत मिटलेलं नाही. नाव बदलून 'टकळी' झालं. तिला स्वतःला ही बढती वाटत होती.

शेजारी उभ्या बाबांनी फाइल तोंडासमोर धरली. फाइल पारदर्शक होती.

खिडकीतल्या साहेबांनी कपाळावरची एक आठीसुद्धा हलू दिली नाही. "पंखा कोणाच्या नावावर आहे?"

"पंखा नाही, मीटर आहे. आजोबांच्या नावावर."

"ते मयत?"

"हो. चौदा महिने झाले."

"मयतांची खिडकी चार," साहेब म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे बघू लागले.

आता प्रकरण या खिडकीपर्यंत आलं कसं? तर आजीच्या श्वासामुळे. आजीला ऑक्सिजनचं यंत्र लागायचं. ते खोलीतल्याच हवेतून प्राणवायू गाळून नळीने नाकाशी आणून देतं. पण त्याला वीज लागते, आणि वीज रोज दुपारी बाराच्या ठोक्याला जायची. एक वाजता, लहर असेल तर, यायची. मधल्या तासाला एक सिलिंडर होता. पण सिलिंडरच्या काट्याकडे बघत श्वास घेणं म्हणजे घड्याळाकडे बघत पेपर लिहिणं. येत असलेलंसुद्धा सुचत नाही.

म्हणून बाबांनी छतावर सौर पॅनेल बसवायचं ठरवलं. पॅनेल एका दिवसात बसली. महिना खाल्ला तो इन्व्हर्टरने. कारण पॅनेल म्हणजे नुसती उन्हात पाय पसरून बसलेली मंडळी. त्यांनी गोळा केलेल्या विजेला घरात वागायला शिकवतो तो इन्व्हर्टर. आणि तो कुठल्या जातीचा घ्यावा यावर अख्ख्या इमारतीला मत होतं. समोरचे हेडसर (निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण छडी अजून आवाजात आहे) म्हणाले, "वजनाला जड असेल तो घ्या. हलकं यंत्र आणि हलका विद्यार्थी, दोन्ही टिकत नाहीत." वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या भावाकडे पांढऱ्या रंगाचा होता आणि त्याची कध्धी तक्रार नव्हती, सबब पांढरा घ्यावा. बाबा सगळ्यांचं ऐकून घेत. विमा कार्यालयात वीस वर्षं लोकांची गाऱ्हाणी ऐकल्यामुळे, न ऐकता ऐकण्याची कला त्यांना अवगत होती.

दुकानात टकळी बरोबर होती. दुकानदाराने सरळ सांगितलं, "तीन जाती आहेत. पहिला ऑन-ग्रिड. हा लाइनीच्या गळ्यात गळा घालून चालतो. लाइन गेली की हाही झोपला."

"डोक्यावर ऊन असताना?"

"रणरणत्या उन्हात. नाहीतर खांबावर चढलेल्या माणसाला तुमची वीज झटका देईल."

"म्हणजे बाराला लाइन जाणार आणि हा हातावर हात ठेवून बसणार," बाबांनी त्याला नापास केलं.

"दुसरा ऑफ-ग्रिड. त्याची बॅटरी, त्याचा संसार. तिसरा हायब्रिड, म्हणजे—"

"हायब्रिड नको," बाबा ताठ झाले. "हायब्रिड टोमॅटो आम्ही रोज खातो. दिसायला लालभडक, चवीला पाणी. गावरान दाखवा."

दुकानदाराने जन्मात बरीच गिऱ्हाइकं पाहिली असतील, पण गावरान इन्व्हर्टर मागणारं हे पहिलंच. त्याने कानामागची पेन्सिल काढली. मग खोक्याच्या झाकणावर त्याने दोन चित्रं काढली. एक गोल गोल टेकड्यांची रांग. दुसरं जिन्याच्या पायऱ्यांसारखं. "वीज अशी लाटेने चालते. टेकडी म्हणजे प्युअर साइन. पायऱ्या म्हणजे मॉडिफाइड, जरा साधा. ऑफ-ग्रिडमध्ये दोन्ही आहेत. चालवायचं काय काय आहे?"

इथे 'आईचं ऑक्सिजनचं यंत्र' असे तीन शब्द उच्चारले असते तर ही गोष्ट घडलीच नसती. पण घरातली दुखणी दुकानात सांगू नयेत, असा बाबांचा बाणा.

"नेहमीचंच, घरातलं," ते म्हणाले. आणि चित्राकडे बघून, "पायऱ्या बऱ्या. टेकडीवरून माणूस घसरतो."

अशा रीतीने पायऱ्यांचा एक पिवळा डबा घरी आला.

रविवार होता. बाराला पाच कमी असताना सगळे आजीच्या खोलीत जमले. हीच आजोबांचीही खोली. कोपऱ्यात आजीची खाट, मध्ये पंखा, आणि पंख्याखाली आजोबांची वेताची खुर्ची. ती कोणी हलवली नव्हती, आणि तीत कोणी बसतही नव्हतं.

बारा वाजले. वीज गेली.

टळटळीत दुपारी वीज जाते तेव्हा जी शांतता पडते ती रात्रीच्या शांततेपेक्षा वाईट असते. रात्री निदान ती अपेक्षित असते. फ्रिज बोलायचा थांबला. यंत्र थांबलं. खिडकीबाहेर सावल्या ज्याच्या त्याच्या पायाखाली शिरून बसल्या होत्या. मग पिवळ्या डब्यात 'टक्' झालं. पंख्याची पाती हलली. आणि वरून, थेट खुर्चीच्या डोक्यावरून, आवाज आला:

"हंऽऽऽ."

आईच्या हातातली कात्री पडली. आई घरीच शिवणकाम करते. तिच्या हातून कात्री पडलेली टकळीने जन्मात पाहिली नव्हती.

कारण तो आवाज आजोबांचा होता. आवाजासारखा नव्हे, आवाजच. छातीच्या तळातून निघून नाकात संपणारा, शेवटी जरासा थरथरणारा. आजोबा आयुष्यभर जवळपास एवढंच बोलले. घर घ्यायचं का? हं. पोराला विम्यात चिकटवायचं का? हं. घरातला प्रत्येक निर्णय त्या एका अक्षरावर उभा होता. आजोबांचा होकार मिळाला म्हणजे देवाचा शिक्का.

"मोटर आहे," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मात्र चपला काढून आत आल्यासारखा निघाला.

तेवढ्यात ऑक्सिजनच्या यंत्राने टीं टीं टीं असा गळा काढला, लाल दिवा लावला आणि बसकण मारली. त्याला पायऱ्यांची वीज पचली नाही. आईने धावत सिलिंडर जोडला. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तेवढं सोडून बाकी सगळं चाललं होतं. पण त्या क्षणी याचं कोणाला भान नव्हतं. कारण नाकाला नळी लावता लावता आजी रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाली, "चहा ठेवायला सांगू का?"

"हंऽऽऽ."

आणि आई खरोखर गेली चहा ठेवायला.

दुसऱ्या दिवसापासून आजी दुपारची वाट बघू लागली. चौदा महिन्यांत जेमतेम चौदा वाक्यं बोललेली आजी, बाराला वीज गेली की दार लोटून घ्यायची आणि हळू आवाजात काहीतरी विचारत राहायची. दाराबाहेर टकळीला फक्त उत्तर ऐकू यायचं. हंऽऽऽ. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा हंऽऽऽ. सकाळची शाळा सुटून घरी येणारी टकळी त्या दारासमोरून पाय न वाजवता जाई. अंगावरच्या घामाला थंडी वाजे, ती अशी.

बातमी घराबाहेर जायला कितीसा वेळ? वहिनी मेजरिंग टेप मागायला आल्या आणि थेट पंख्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. "मोठ्याला नोकरी लागेल ना हो?" हंऽऽऽ. वहिनींनी डोळे टिपले. तिसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास दाराबाहेर पाच जोडी चपला होत्या. रोज वीज जाते म्हणून वीज खात्याच्या नावाने बोटं मोडणारी माणसं आता वीज जायला दोन मिनिटं उशीर झाला तर अस्वस्थ होत. आजीची हरकत नव्हती. पहिली दहा मिनिटं लोकांची, बाकीचा तास तिचा.

चौथ्या दिवशी हेडसर आले. त्यांनी आधी तर्कशास्त्रावर थोडं भाषण केलं. मग सगळ्यांना बाहेर घालवलं. पण त्यांचा खासगी आवाजसुद्धा मैदानावरचा असल्यामुळे बाहेर सगळ्यांना नीट ऐकू आलं.

"बावीस वर्षं झाली. त्या दिवशी बुद्धिबळाच्या पटावर मी पाणी प्यायला उठलो, तेव्हा माझा घोडा तुम्ही हलवला होता ना?"

"हंऽऽऽ."

हेडसर बाहेर आले ते डोळे पुसतच. "म्हणालो होतो की नाही मी!" एवढं बोलून ते घरी गेले आणि दोन दिवस जेवणाशिवाय कशासाठीही उठले नाहीत. कोणी म्हणालं आनंदाने, कोणी म्हणालं दुःखाने.

आणि बाबा? 'भूतबीत सगळं मनाचं असतं' असं रोज जेवताना सांगणारे बाबा? एका दुपारी ते अर्धी रजा टाकून घरी आले. टकळीने फटीतून पाहिलं. खुर्चीसमोर हात मागे बांधून, शाळेत उभे राहतात तसे उभे राहून ते विचारत होते, "इन्व्हर्टर बरोबरच निवडलाय ना मी?"

"हंऽऽऽ."

बाबांच्या खांद्यावरून पोतं उतरल्यासारखं झालं. त्यानंतर कोणी यंत्राच्या टीं टीं बद्दल काही बोललं की ते म्हणत, "वरूनही मान्यता आहे त्याला." वर म्हणजे कुठे, ते सांगत नसत.

फक्त टकळीने पंख्याला काहीच विचारलं नाही. तिला एक प्रश्न होता, पण त्या प्रश्नावर 'हं' आलं तर काय, या भीतीने तो तिने दाबून ठेवला होता. वार्षिक परीक्षा झाली की तिला दूरच्या एका निवासी वर्गात धाडायचं ठरलं होतं. हिशेबनीस व्हायच्या परीक्षेसाठी, दोन वर्षं वसतिगृहात. बाबांनी गेल्या वर्षी विचारलं होतं, "जाशील ना?" आणि तेव्हाच्या म्यूटने मान खाली घालून 'हं' म्हटलं होतं. नात शोभते हो आजोबांची, असं आई कौतुकाने म्हणाली होती. तो अर्ज टीव्हीखालच्या खणात बाबांच्या सहीची वाट बघत होता. टकळी रोज त्या खणाकडे पाठ करून टीव्ही बघायची, म्हणजे ऐकायची.

तर छतावरच्या पॅनेलची नोंद करायला बाबा वीज कार्यालयात निघाले, टकळी मागे लागली, टकळीच्या मागे मैत्रिणी लागल्या, आणि तीन नंबरच्या खिडकीत तो प्रश्न विचारला गेला. आता चार नंबर.

चार नंबरच्या बाईंनी कागद उलटेपालटे केले. "यावर ग्राहकाची सही नाही. ग्राहकाने समक्ष हजर राहावं लागेल."

"ग्राहक वारले," बाबा म्हणाले.

"ते ग्राहकाने कळवलं का आम्हाला?"

बाबांनी फाइल मिटली. विमा कार्यालयात हाच प्रश्न त्यांनी स्वतः लोकांना विचारलेला असावा, असा संशय टकळीला आला.

"बारा ते एक ते समक्ष असतात," ती म्हणाली. "घरी. पंख्यात. पण बारा ते एक तुमची जेवणाची सुट्टी."

रांग हसली. मागच्या दारातून एक बाई हातात अर्धा चहा घेऊन बाहेर आल्या. बूट चिखलाचे, कमरेला टेस्टर. इथल्या अभियंता मॅडम. "पंख्यात कोण आहे म्हणालीस? सुरुवातीपासून सांग."

टकळीने सांगितलं. अगदी टेकड्या-पायऱ्यांसकट. मैत्रिणी खांबाआडून बाहेर येऊन ऐकू लागल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चहा खिडकीच्या फळीवर ठेवला.

"तो 'हं' म्हणत नाहीये गं," त्या म्हणाल्या. "कण्हतोय."

"काय?"

"पायऱ्यांची वीज पंख्याच्या मोटरला सोसत नाही. तिला टेकडी लागते. प्रत्येक पायरीला तिला ठेच लागते, सेकंदाला कितीतरी वेळा. ती तापते, थरथरते आणि थांबून थांबून कण्हते. तुम्ही नेमकं काही विचारलेलं असतं, तुम्हाला होकार वाटतो."

टकळीला एकेक प्रश्न आठवला. चहा. नोकरी. घोडा. ते सगळे प्रश्न एका कण्हणाऱ्या जिवाला विचारले होते, आणि बरं वाटून घरी गेले होते सगळे.

मॅडम बाबांकडे वळल्या. "आणि घरात ऑक्सिजनचं यंत्र असून असला डबा घेतलात? प्युअर साइनच हवा. त्यातही हायब्रिड घ्या. लाइन, पॅनेल, बॅटरी तिन्ही सांभाळतो. लाइन गेलेली यंत्राला कळतसुद्धा नाही."

"हायब्रिड," बाबा म्हणाले. तोंडात टोमॅटो असल्यासारखे.

वारसाच्या सहीवर काम भागलं. उरलं ते आजीला सांगणं. आई म्हणाली, तुमची आई, तुम्ही सांगा. बाबा म्हणाले, बायकांचं बायकांना कळतं, तू सांग. शेवटी ज्याचं तोंड जास्त चालतं त्याच्यावर आलं.

टकळी खाटेच्या कडेला बसली आणि तिने सांगून टाकलं. पायऱ्या, ठेचा, कण्हणं. आता आजी रडेल म्हणून ती थांबली.

"हे तुला आज कळलं?" आजी म्हणाली. "मला पहिल्या दिवशीच कळलं. पंख्याचं नव्हे, ह्यांचं."

"म्हणजे?"

"घर घ्यायचं का, म्हणून विचारलं तेव्हा 'हं' म्हणाले. तीन जिने गुडघे धरून चढायचे. तुझ्या बाबाने विचारलं, पुढची खोली देऊ? 'हं'. मागची हवी होती, झाडाकडची. एकदा 'हं' आलं की दुसऱ्यांदा कोण विचारतंय?"

"तू का नाही विचारलंस?"

आजीने नळी नीट केली. बराच वेळ लावला त्याला.

"मलाही सोयीचं होतं गं. म्हणून आता रोज दुपारी एकेक गोष्ट पुन्हा विचारतेय. दुसऱ्यांदा."

"मग?"

"कण्हतात." आजी खुर्चीकडे बघत राहिली. "पुरे झालं. मला श्वास पाहिजे आणि ह्यांना सुटका पाहिजे. आणा तो हायब्रिड."

शनिवारी दुकानातून आलेल्या वायरमनकाकांनी पिवळा डबा काढून नवा इन्व्हर्टर लावला. तो पांढरा निघाला. वहिनींनी ही बाब तिघांच्या लक्षात आणून दिली. वजनालाही चांगला जड होता. हेडसर कॉलर नीट करून उभे राहिले. बाराला दोन कमी असताना खोलीत माणसं मावत नव्हती.

बारा वाजले. म्हणजे घड्याळात वाजले. बाहेर जिन्यातला दिवा विझला, शेजारचा पाण्याचा पंप बंद पडला, त्यावरून वीज गेल्याचं कळलं. आत यंत्र संथपणे श्वास टाकत होतं, जसं काही झालंच नाही. पंखा फिरत होता. सगळ्यांनी माना वर केल्या.

काही नाही. नुसता वारा.

अर्धं मिनिट. एक मिनिट. कोणी खोकलंसुद्धा नाही. इतक्या माणसांची अशी शांतता टकळीने फक्त निकाल लागायच्या आधी ऐकली होती.

आणि मग खुर्ची वाजली. कर्रर्र.

बसताना वाजते तशी नव्हे. या घरात प्रत्येकाला दोन्हींतला फरक पाठ होता. गुडघ्यांवर हात टेकून, आधी पुढे वाकून, मग सावकाश कोणी उठलं की वेत जसा एकेक दोरी सोडत वाजतो, तसं. खुर्चीच्या बैठकीतला खळगा हळूच वर आला.

"लाकूड प्रसरण पावतं उन्हाने," बाबा पुटपुटले.

"वेत आहे तो," आई म्हणाली.

हेडसरांनी दारातून बाजूला होऊन वाट करून दिली. कोणाला, ते त्यांना विचारायची हिंमत कोणाची झाली नाही. आजीने फक्त डोळे मिटले आणि एक श्वास घेतला. लांब, पूर्ण, काट्याकडे न बघता घेतलेला.

लोक पांगले. वहिनी जाताना पंख्याकडे पाठ न करता गेल्या. वायरमनकाकांनी चहासुद्धा घेतला नाही. खोलीत घरचीच चौघं उरली, तेव्हा बाबांनी मोठ्ठा सुस्कारा सोडला आणि हात झटकले. माणसाला भीती वाटली की तो कागदपत्रांकडे वळतो. ते बाहेर गेले, खण उघडल्याचा आवाज आला, आणि ते पेन आणि अर्ज घेऊनच परत आले.

"चला, एक काम मार्गी लागलं. हेही उरकून टाकतो," ते खुर्चीच्या हातावर अर्ज टेकवत म्हणाले. "सोमवारी पाठवतो. जायचंय ना गं वसतिगृहात?"

प्रश्न विचारून त्यांनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा. उत्तर ठाऊक होतं ना. टकळीच्या छातीच्या तळातून ते ओळखीचं अक्षर वर निघालं, नाकापर्यंत आलं, शेवटी जरासं थरथरलंही. तिने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. खाटेवरून आजी तिच्याकडेच बघत होती. दुसऱ्यांदा विचारल्यासारखी.

टकळीने ते अक्षर गिळलं. व्यासपीठावर उभी राहते तशी दोन्ही पाय जुळवून उभी राहिली.

"आई, बाबा, दोघंही ऐका. मी नाही जाणार. मी इथेच राहून विजेचं शिकणार आहे, खांबावर चढायचं, टेस्टर लावायचं, त्या मॅडमसारखं. आणि गेल्या वर्षी तुम्ही विचारलंत तेव्हा मी 'हं' म्हटलं होतं ना बाबा, तो होकार नव्हता. मी कण्हत होते."